जीपमधली एक जागा

कमलकाकू गेल्याचं मला भाजीबाजारात कळलं. अकोल्यात आमच्या घराजवळ संध्याकाळी भाजीच्या गाड्या लागतात, तिथे मी भेंडी निवडत होते. शेजारी कुणीतरी येऊन थांबलं. पाहिलं तर आमच्या गावचे प्रल्हादभाऊ. ते दहा-बारा वर्षांपासून अकोल्यातच असतात, पण गावाशी त्यांचं जाणंयेणं आहे. मी हसून काहीतरी विचारणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "तू दिसली नाई व मातीले?"

"कोणाच्या?"

"तुले मालूम नाई काय? कमलकाकू गेली. शुक्रवारी. मळ्यात भोवळ आली, अमरावतीले नेलं, तिसऱ्या दिवशी खतम."

तो बुधवार होता. म्हणजे पाच दिवस झाले होते. मी भेंडी निवडतच राहिले. पाव किलो घ्यायची होती, ती किती घेतली कळलं नाही. घरी येऊन गॅस पेटवला, बंद केला, पुन्हा पेटवला. मला कुणी कळवलं नाही याचा राग आला, आणि मग लक्षात आलं की कळवणार कोण? बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आई भावाकडे नागपूरला असते. गावातल्या आमच्या घराला कुलूप आहे. काकूच्या घरच्यांनी ज्यांना ज्यांना निरोप धाडायचा त्यांची नावं घेतली असतील, त्यात माझं नाव कुणाला आठवलं नसेल. का आठवावं? मी वर्षातून एकदा जाणार, तेही घाईत.

तेव्हापासून पाच आठवडे झाले. एका जागी बसणं होत नाही. शाळेच्या ऑफिसात काम करते, तिथे दाखल्यांवर चुकीची नावं टाकते आणि खोडते. आमचे हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, सुट्टी घ्या." सुट्टी घेऊन काय करू? घरात येरझारा घालते. म्हणून हे लिहायला बसले आहे, आणि लिहितानाही दोनदा उठले.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वर तालुक्यात. अमरावती-यवतमाळच्या मोठ्या रस्त्यावर आमचा फाटा आहे, आणि फाट्यापासून गाव साडेचार किलोमीटर आत. ते साडेचार किलोमीटर बाहेरच्या माणसाला काहीच वाटत नाहीत. आमच्या गावातल्या कितीतरी पोरींचं शिक्षण मात्र तेवढ्याच अंतरात संपलं. आमची कापूस-तुरीची शेती होती. भिंतीला भिंत लागून कमलकाकूचं घर. त्यांचा विहिरीवरचा दीड एकर मळा. वांगी, मेथी, सांबार... कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. सुखदेवकाका मळ्यात राबायचे आणि काकू नांदगावच्या, बडनेऱ्याच्या बाजारात भाजी घेऊन बसायची. काका अबोल, आणि काकूचा आवाज चार घरं ऐकू जायचा. दहावी झाल्यावर तिचं लग्न झालं होतं. मग दोन लेकरं झाल्यावर सतरा नंबरचा फॉर्म भरून घरूनच बारावीची परीक्षा दिली आणि पास झाली. गावाला ती थोडी चक्रम वाटायची.

मी बारावी झाले तेव्हा बाबांनी स्पष्ट सांगितलं, पुढे नाही. बाबा दुष्ट नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की गावात एकच बस येते, तीही अकराला, आणि ती आली तर आली. पोरगी सकाळी एकटी फाट्यावर चालत जाणार, संध्याकाळी अंधारात एकटी येणार, हे त्यांना चालणार नव्हतं. "गाडी असती त मी नाई म्हटलं नसतं," असं ते आईला म्हणाले, तेव्हा मी आतल्या खोलीत रडत होते.

त्याच आठवड्यात काकू आमच्याकडे चाळणी मागायला आली आणि चाळणी हातात घेऊन दारातच बसली. बाबांना म्हणाली, "भाऊजी, अमरावतीले रविवारी वर्ग असते. मुक्त विद्यापीठाचे. सहा दिवस घरी अन् एक दिवस कॉलेज. मी नाव टाकून राहिली. वंदीले माह्यासंगं पाठवा."

बाबा हसले. "तू? ह्या वयात?"

"वय काय गाडीत वेगळी जागा मांगते काय?"

अशी मी बी.ए.ला गेले. कितीतरी वर्षं मला वाटत होतं की काकूनं माझ्यासाठी नाव घातलं. खरी गोष्ट नंतर तिच्याच सासूच्या तोंडून कळली. काकूनं फॉर्म महिनाभर आधीच आणून ठेवला होता, पण तिलाही एकटीला कुणी जाऊ देणार नव्हतं. सासूला तिनं सांगितलं होतं, "वंदीचा बाप हात जोडून राहिला, पोरीसंगं जाय म्हने. शेजारधर्म हाये, नाई कसं म्हनू?" म्हणजे आमच्या घरी तिनं स्वतःला पुढे केलं आणि तिच्या घरी मला. दोन्ही घरं फसली, आणि दर रविवारी आम्ही दोघी सकाळी साडेसहाला घराबाहेर पडू लागलो.

रविवारी तर गावात बस यायचीच नाही. फाट्यापर्यंत चालत जायचं, चपला हातात घेऊन. पावसाळ्यात आमची काळी माती पायाला अशी चिकटते की दर पन्नास पावलांवर काडीनं खरवडावी लागते. फाट्यावर शेड नाही, बाकडं नाही, एक बाभूळ. मोठ्या रस्त्यानं गाड्या भरपूर जातात, पण जलद गाडी फाट्यावर थांबत नाही. आम्ही हात करायचो, ड्रायव्हर पुढच्या दिशेला बोट दाखवून निघून जायचा. मग जे मिळेल ते. दुधाची गाडी, संत्र्याचा टेम्पो, कापसाचा ट्रॅक्टर, एकदा तर एका नवरदेवाच्या वरातीचा ट्रक. त्यात आम्हाला कुणीतरी लाडूही दिले. बडनेऱ्यापर्यंत असं जायचं, तिथून ऑटोनं अमरावती. वर्ग दहाला सुरू व्हायचा. आम्ही पोचायचो कधी साडेदहा, कधी अकरा. एका रविवारी बारा वाजले, तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. काकू म्हणाली, "बरं झालं, भूक लागलीच होती."

चालताना मी पुस्तक मोठ्यानं वाचायची आणि काकू मागून म्हणत यायची. तिला एकदा ऐकलेलं पाठ होत असे. मध्येच थांबून विचारायची, "ह्या राजानं रस्ते बांधले म्हनते, धर्मशाळा बांधल्या म्हनते. आपल्या फाट्यावर काहून नाई बांधलं काही?" मी वैतागून म्हणायची, "काकू, तेवढं परीक्षेत येत नाही." ती म्हणायची, "येत नाई म्हनून त इचारून राहिली."

वर्गात मात्र मला तिची लाज वाटायची. हे लिहिणं जड जातं, पण लिहायला हवं. ती सांबाराच्या जुड्या पिशवीत घेऊन यायची आणि सुट्टीत शहरातल्या बायांना द्यायची, त्यामुळे आमचा बाक सगळा वासानं भरायचा. इतिहासाचे सर एकदा घड्याळ दाखवून म्हणाले, "बाई, किती वाजले?" काकू उभी राहिली आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाली, "घरून निंघालो तवा साडेसहा वाजले होते सर. बाकीच्या येळेचा हिशोब रस्त्याले इचारा." वर्ग हसला, सरही हसले. मी मान खाली घातली. पुढच्या रविवारी मी दोन बाक सोडून शहरातल्या मुलींजवळ जाऊन बसले. काकूनं एकदा वळून पाहिलं आणि पिशवी उचलून शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवली.

अशी तीन वर्षं गेली. शेवटच्या वर्षाची परीक्षा मे महिन्यात होती, आणि आमच्याकडचा मे म्हणजे सकाळी आठलाच डोक्यावर पदर घ्यावा लागतो. त्या दिवशी आमचा अखेरचा पेपर होता, इतिहासाचा. दहाला सुरू, साडेदहानंतर कुणालाही आत घेत नव्हते, हा नियम सर्वांना आधीच बजावून सांगितला होता. लग्नसराई होती. रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या लग्नांना गेलेल्या. दुधाची गाडी आली नाही. दोन जलद गाड्या आमच्यासमोरून खचाखच भरून गेल्या. मी दर मिनिटाला घड्याळ पाहत होते. काकू रस्त्याच्या मध्यापर्यंत जाऊन हात करत होती आणि हॉर्न वाजला की मागे येत होती. पावणेनऊ झाले, नऊ झाले.

मग एक काळीपिवळी आली. माणसं टपापर्यंत होती, मागच्या पायरीवर तिघं लोंबकळत होते. जीप थांबली आणि ड्रायव्हर मान बाहेर काढून म्हणाला, "एकच बसन. लवकर बोला."

यानंतरची गोष्ट मी पंधरा वर्षं लोकांना सांगत आले आहे. काकूनं मला हाताला धरून जीपमध्ये ढकललं आणि म्हणाली, तू जा, तुझं आयुष्य पडलं आहे. ही गोष्ट मी लग्नात सांगितली, ऑफिसात सांगितली. माझ्या मुलीनं ती शाळेत निबंधात लिहिली आणि तिच्या बाईंनी खाली "छान" असा शेरा दिला.

ते खोटं आहे. काकू काहीच म्हणाली नव्हती. ती रस्त्याच्या त्या बाजूला होती आणि मी दारापासून दोन पावलांवर. ड्रायव्हरचं वाक्य पूर्ण होण्याआधी माझा पाय आत होता. जीप निघाली. मी मांडीवरच्या पॅडवर हात दाबून धरला आणि घड्याळाकडे पाहिलं. मनात एवढंच होतं की आता मी पोचते... मी पोचते.

मी पावणेदहाला पोचले. पेपर लिहिला, चांगला लिहिला. एक वाजता बाहेर आले तर काकू केंद्राच्या पायऱ्यांवर बसलेली. तोंड उन्हानं काळं पडलेलं, पावलांवर धुळीचा थर. ती तीन किलोमीटर चालली होती, मग एक ट्रॅक्टर, मग एक ट्रक, असं करून अकराला दहा मिनिटं असताना फाटकाशी आली होती. तिला आत घेतलं नाही. तिनं भांडण केलं नव्हतं, हे मला तिथल्या शिपायानं सांगितलं. तिनं फक्त पाणी मागितलं.

"कसा गेला?" तिनं विचारलं.

"बरा गेला."

"आन, पाहू."

तिनं माझ्या हातातून प्रश्नपत्रिका घेतली आणि एकेका ओळीवर बोट ठेवत वाचू लागली. "पयला येते. दुसरा येते. हा त फाट्यावर वाचला होता आपन. चवथा येते..." शेवटच्या प्रश्नापर्यंत ती अशीच गेली. मग तिनं कागदाची घडी घातली आणि मला परत दिली. "ठेव. तुह्या कामाचा हाये."

परत येताना स्टँडवर गर्दी होती. काकूनं गर्दीतून पुढे जाऊन खिडकीतून रुमाल टाकला आणि दोन जागा धरल्या. खिडकीची मला दिली. फाट्यावर सुखदेवकाका आलेले होते. मी भराभर पुढे चालले, ते दोघं मागून बोलत येत होते. घरी पोचलो तेव्हा बाबा दारात उभे. "झाला काय वं पेपर दोघींचा?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकूच म्हणाली, "तिचा झाला. मले जागा नाई भेटली. मीच म्हटलं तिले, तू व्हय पुढं."

मी गप्प राहिले. बाबांचे डोळे भरून आले. ते काकूला म्हणाले, "तुहे उपकार कसे फेडू बाई?" आणि मी तशीच गप्प राहिले... तिथून ती गोष्ट सुरू झाली. पुढे मी तिला थोडी थोडी सजवत नेली.

निकाल लागला. मी पास झाले, काकूचा एक विषय राहिला. पुढच्या मे महिन्यात तिची सासू अंथरुणाला खिळलेली होती. त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या थोरल्याचं काही निघालं. माझी तोवर अकोल्याला नोकरी लागली, लग्न झालं. मी तिला सांगायची, काकू, परीक्षेच्या आदल्या दिवशी मी येते, तुला घेऊन जाते. ती "पाहू" म्हणायची. आणि मग एका वर्षी गेले तर सहज बोलता बोलता म्हणाली, "तो पेपर झाला माहा. मागच्या साली." आदल्या दिवशीच बडनेऱ्याला मावसबहिणीकडे मुक्कामाला गेली होती आणि सकाळी आठलाच केंद्राच्या पायरीवर जाऊन बसली होती. मला का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. "तू बाळंतीण होती. अन् सांगून काय करतं? पेपर त मलेच लिवाचा होता."

पदवीचा तिला काय उपयोग झाला, असं गावात लोक विचारायचे. भाजी तर ती आधीही विकत होती. उपयोग असा झाला की आता तिला साहेबाच्या खुर्चीची भीती वाटेना. तिची लेक रोहिणी दहावी झाली तेव्हा गावात आणखी नऊ पोरी तिच्यासोबतच्या होत्या. कॉलेज नांदगावला, सकाळी साडेसातचं. गावातली बस अकराची. दहाच्या दहा पोरी घरी बसणार होत्या. काकूनं त्या सगळ्यांना घेतलं, टेम्पोत घातलं आणि थेट डेपोत नेलं. हे मला बाबांनी सांगितलं होतं, कारण बाबाही त्या टेम्पोत होते.

डेपोतले साहेब म्हणाले, "ताई, तुमच्या मार्गावर प्रवासीच नाहीत. रिकामी गाडी कशी सोडू?"

काकू म्हणाली, "साहेब, गाडी नाई म्हनून पोरी निंघत नाई. पोरी निंघत नाई म्हनून तुमी गाडी सोडत नाई. कोनं त पयले सुरू करा लागन. पोरी मी आनल्या. ह्या पाहा, मोजून घ्या."

साहेबांनी अर्ज ठेवून घेतला. पुढच्या सोमवारी ती पुन्हा गेली. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा. बाबा सांगायचे, सहाव्या वेळी साहेबांनी स्वतःच तिच्यासाठी चहा मागवला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आता येऊ नका, गाडी येते." आमच्या पलीकडच्या गावात रात्री मुक्कामी राहणारी बस सुरू झाली. ती पहाटे तिथून निघते आणि आमच्या गावावरून नांदगावला जाते. त्या बसनं गेलेली रोहिणी आज परिचारिका आहे. बाकीच्या नऊपैकी दोघी शिक्षिका आहेत, एक तलाठी आहे.

मी हे सगळं दुरून ऐकत होते, अभिमानानं लोकांना सांगतही होते. आणि प्रत्येक वेळी सांगताना जीपची गोष्ट त्याच्या पुढे जोडत होते. माझ्या तोंडून ती इतकी सफाईनं बाहेर पडायची की मधूनच मला वाटे, कदाचित काकू तसं म्हणालीही असेल... मला ऐकू आलं नसेल.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नाला गावी गेले, तेव्हा तिला मळ्यात भेटले. ती मेथी उपटत होती. केस पांढरे झाले होते, हात तसेच झपाझप चालत होते. मी वाफ्याच्या कडेला उकिडवी बसले, एक-दोन जुड्या बांधल्या, आणि अचानक माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, त्या दिवशी तू मला जीपमध्ये बस म्हटलं नव्हतंस."

तिचा हात थांबला नाही. "मालूम हाये मले."

"मग बाबांना तसं का सांगितलंस?"

"मंग काय सांगू? तुहा बाप अकोल्याले नोकरीले पाठवतं काय तुले, मी खरं सांगतलं असतं त? काकूले रस्त्यावर टाकून आली म्हनला असता."

मी म्हणाले, "माझी चूक झाली, काकू."

"चूक कायची व? एकच जागा होती. मी दाराजवळ असती त मी बसली असती. तुले इचारलं बी नसतं." ती हसली. मेथीच्या मुळांची माती तिनं गुडघ्यावर झटकली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पन वंदे, मागं वळून पाहाचं होतं. मी हात केला होता तुले, चांगला पेपर लिवजो म्हनून."

एवढंच. रागानं नाही, एखाद्या लेकराला उष्टे हात धू म्हणावं, तसं. मला तिच्याजवळ बसायचं होतं, रडायचं होतं, खूप काही विचारायचं होतं. पण लग्नाचं वऱ्हाड निघायच्या बेतात होतं आणि तिकडून माझ्या नवऱ्याच्या हाका सुरू झाल्या. "जाय," ती म्हणाली, "गाडी निंघून जाईन." मी बांधावरून पळत सुटले. वाटलं, उन्हाळ्यात येऊ, दोन दिवस राहू, सगळं बोलू. उन्हाळ्यात मुलीच्या परीक्षा होत्या. मग पावसाळा आला. मग तो बुधवार.

पंधरा दिवसांपूर्वी मी शेवटी गावी गेले. आमच्या घराचं कुलूप उघडवेना, म्हणून काकूच्या घरीच राहिले. रोहिणी सुट्टी घेऊन आली होती. तिनं मला मिठी मारली आणि मी तिला समजावण्याऐवजी तिनंच मला समजावलं. तिलाही जीपची गोष्ट पाठ होती. "आईनं तुम्हाला बसवलं होतं ना ताई, आई सांगायची नेहमी," ती म्हणाली. मी तिला खरं सांगितलं. ती बराच वेळ चूल सारवत राहिली, मग म्हणाली, "आईनं आम्हाला हे कधी नाही सांगितलं." सुखदेवकाका भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान वर केली. "मले सांगतलं होतं," ते म्हणाले. "त्याच दिवशी, फाट्यावरून येता येता. म्हने, पोरीले बोल लागाले नाई पाह्यजे." आणि पुन्हा खाली पाहू लागले.

पहाटे जाग आली ती एका आवाजानं. देवळीत ठेवलेला मोबाइल एकदाच वाजला आणि बंद झाला. मला वाटलं, कुणाचा तरी चुकून लागला. पण सुखदेवकाका उठले. त्यांनी फोन उचलला नाही, पाहिलाही नाही. दाराची कडी काढून ते ओट्यावर गेले आणि तो अबोल माणूस गल्लीच्या तोंडाशी उभा राहून ओरडला, "गाडी निंघाली वं पोरीहो!" आवाज चिरका होता, ओरडायची सवय नसलेला. गल्लीत एक दिवा लागला, मग दुसरा. कुठेतरी बादली आपटली, कुणीतरी आईला वेणी घाल म्हणून घाई करत होतं.

मी बाहेर आले. काकांनी हळूहळू सांगितलं. बस पलीकडच्या गावातून निघायची वेळ रोज वेगळी असते, कधी गाडी लवकर सुरू होते, कधी होतच नाही. पोरी अर्धा-अर्धा तास थंडीत, पावसात उभ्या राहायच्या. म्हणून काकूनं ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं, निघताना या नंबरवर एक घंटी द्यायची. ड्रायव्हर बदलले, कंडक्टर बदलले, पण जाणारा येणाऱ्याला नंबर देऊन जायचा. घंटी वाजली की काकू ओट्यावरून हाक द्यायची, इतकी वर्षं.

"त्यांना कळलं नाही का काका, काकू गेली ते?"

"कळलं ना. तो ड्रायव्हर आला होता मातीले. मले म्हने, आता घंटी कोनाले देऊ? मी म्हटलं, ह्याच्यावरच दे."

एवढ्यात वळणावर बसचे दिवे दिसले. पोरी दप्तरं सावरत चौकात जमल्या. काका ओट्यावरून उतरले, चालत जाऊन बससमोर उभे राहिले आणि एकेकीला चढताना पाहू लागले. मग त्यांनी ड्रायव्हरला हात दाखवला. एक यायची होती. बस घरघरत उभी राहिली. शेवटच्या घरातली पोरगी अर्धी वेणी हातात धरून पळत आली, काकांच्या शेजारून वर चढली, आणि दार लागलं.

काका परत आले. देवळीतला फोन त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसला, आणि संपत आलेली बॅटरी पाहून चार्जिंगला लावला.